दासोपंतांची पासोडी आणि आजचे कुलूप

अंबाजोगाई हे गाव योगेश्वरीचे, तसेच आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीचे. मराठवाड्यापासून कोकणापर्यंतच्या कितीतरी घराण्यांची ही कुलस्वामिनी असल्याने नवरात्रात या गावाचे रस्ते लेकुरवाळ्या कुटुंबांनी फुलून जातात. देवीचे दर्शन झाले, मुकुंदराजांची दरी पाहिली, की बहुतेक मंडळी परतीची एस. टी. धरतात. याच गावात चारशे वर्षांपूर्वीचे एक जाडेभरडे कापड जपून ठेवलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लांबी सुमारे चाळीस फूट, रुंदी चार फूट. त्यावर बारीक अक्षरात सुमारे सोळाशे ओव्या लिहिलेल्या. विषय पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून हे शरीर आणि ही सृष्टी कशी घडली याचा वेदान्तातील विचार. विषय समजावा म्हणून सोबत आकृत्याही काढलेल्या. या कापडालाच दासोपंतांची पासोडी म्हणतात. मराठी वाङ्मयात अशी दुसरी वस्तू नाही.

आज कोणतेही पुस्तक बोटाच्या एका स्पर्शासरशी हजार घरी पोचू शकते. नवी कादंबरी बाजारात येऊन आठवडा होत नाही, तोच तिची पीडीएफ घरच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन पडते. आपण पाठवणाऱ्याचे आभार मानतो आणि ती पुढे पाठवतो. दुसरीकडे, पैसे मोजून घेतलेले ई-पुस्तक मात्र बायकोच्या फोनवर उघडत नाही, कारण त्याला कुलूप घातलेले असते. प्रत काढणारा चोर की कुलूप घालणारा कंजूष, असा वाद मग जेवणाच्या ताटावर रंगतो. हा वाद वाटतो तितका नवा नाही. ज्यांच्या एका ग्रंथाची प्रत काढायला माणसाच्या आयुष्यातली काही वर्षे लागली असती, त्या दासोपंतांच्या चरित्राकडे या अंगाने पाहिले, तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

ओलीस ठेवलेला मुलगा

दासोपंतांचे पूर्ण नाव दासो दिगंबर देशपांडे. जन्म शके १४७३ चा, म्हणजे इसवी सन १५५१ चा. गाव नारायणपेठ. हे गाव आता तेलंगणात येते. वडील दिगंबरपंत आणि आई पार्वतीबाई. घरात देशपांडेपणाचे वतन होते. रयतेकडून सारा गोळा करायचा आणि तो बीदरच्या बरीदशाहीच्या खजिन्यात भरायचा, हे वडिलांचे काम. म्हणजे घर खातेपिते, पण मान सुलतानाच्या हातात.

पुढची हकिगत परंपरेने सांगितली जाते. दुष्काळ पडला, वसूल आला नाही आणि खजिन्याची बाकी थकली. बादशहाने बाकीच्या हमीसाठी दिगंबरपंतांचा तरुण मुलगा ओलीस म्हणून ठेवून घेतला. ठरल्या मुदतीत पैसे आले नाहीत, तर मुलाला धर्म सोडावा लागेल, अशी अट घातली. मुदत सरत आली. मुलगा दत्तात्रेयाचा धावा करीत होता. शेवटच्या दिवशी एक पाडेवार दरबारात आला, त्याने सगळी रक्कम मोजून दिली आणि तो दिसेनासा झाला. मुलगा सुटला. पाडेवाराच्या रूपात आलेले साक्षात दत्तात्रेय होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्यांना माहीत आहे, त्यांना ही कथा तिच्या बहिणीसारखी वाटेल. चमत्कार मानावा की न मानावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु कथेतला देव काय करतो, ते लक्षात घेण्याजोगे आहे. तो कारागृहाचे कुलूप फोडत नाही. पहारेकऱ्याच्या डोळ्यांत धूळ टाकून मुलाला पळवून नेत नाही. बादशहा जुलमी, अट अन्यायाची, तरीही जे देणे लागत होते ते तो चुकते करतो आणि मग मुलाला मोकळे करतो. आपल्या लोककथांना हिशोब फार चांगला कळत होता.

रोजची एका ढबूची शाई

सुटून आलेल्या दासोपंतांचे मन वतनात रमले नाही. एके दिवशी त्यांनी घर सोडले. परंपरा सांगते की माहूरला, दत्तात्रेयाच्या निद्रास्थानी, त्यांनी बारा वर्षे तप केले. तिथून ते गोदाकाठच्या राक्षसभुवनला आले. हे क्षेत्र आज बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात आहे. तिथे त्यांना दत्ताच्या पादुका मिळाल्या, असे मानतात. शेवटी बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या अंबाजोगाईला ते स्थिरावले. गावच्या देशपांड्यांनी त्यांना आश्रय दिला आणि उरलेले आयुष्य त्यांनी इथेच लिहिण्यात घालवले.

लिहिले तरी किती? भगवद्गीतेवरच्या त्यांच्या गीतार्णव या टीकेच्या ओव्या सव्वा लाख सांगतात. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. म्हणजे एका गीतार्णवात ज्ञानेश्वरीएवढे तेरा-चौदा ग्रंथ मावतील. गीतेवरच त्यांनी गीतार्थबोधचंद्रिका ही आणखी एक टीका लिहिली. ग्रंथराज लिहिला, पंचीकरण लिहिले, असंख्य पदे रचली. मराठीखेरीज संस्कृत, कानडी, तेलुगू आणि हिंदी या भाषांतही त्यांची रचना आहे. त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका अंबाजोगाईत अजूनही सांगतात. कागद तेव्हा महाग आणि दुर्मिळ. पासोडीसाठी त्यांनी कापड का निवडले, याचे तर्क अनेक आहेत. भिंतीवर टांगून जमलेल्या श्रोत्यांना आकृत्या दाखवण्यासाठी ते सोयीचे असावे, हा एक तर्क मनाला पटतो.

या सगळ्या लेखनाची किंमत त्यांनी कोणाकडे मागितली नाही. तशी पद्धतच नव्हती. पोथी लिहिणाऱ्याचे घर वतनावर, देवस्थानच्या उत्पन्नावर किंवा आश्रयदात्याच्या धान्यावर चाले. पोथी नेऊन तिची नक्कल करणे ही चोरी नव्हती, ते पुण्यकर्म होते. नक्कल करणाऱ्यालाही मोबदला किंवा शिधा मिळे.

याचा अर्थ त्या व्यवहाराला नियम नव्हते, असा मात्र नाही. पहिला नियम नावाचा. ओवीत किंवा पदाच्या शेवटी कवीची मुद्रा असे. दासोपंत स्वतःला दिगंबराचा अनुचर म्हणवीत. नक्कल करणारा हे नाव बदलीत नसे. दुसरा नियम संहितेचा. समोरच्या पोथीत जसे असेल तसेच उतरायचे. शेवटी लेखक, म्हणजे नक्कलकार, आपले नाव, गाव, शक आणि तिथी लिही. चूक झाली असल्यास वाचकाने क्षमा करावी, पोथी तेलापाण्यापासून सांभाळावी, अशी विनवणी करी. आजच्या पीडीएफवर ती कोणी तयार केली, कोणत्या आवृत्तीवरून केली, पाने गळली आहेत काय, याचा पत्ता नसतो. जुना नक्कलकार आपल्या कामाखाली सही करीत होता.

वाटलेली पोथी आणि झाकलेली पोथी

नियम होते, पण ते नेहमी पाळले जात होते असे नाही. दासोपंतांच्याच काळात, अंबाजोगाईहून फार दूर नसलेल्या पैठणला एकनाथ महाराज होते. एकनाथ, दासोपंत, जनीजनार्दन, रामाजनार्दन आणि विठा रेणुकानंदन या पाच जणांना मराठी परंपरा एकनाथपंचक म्हणून एकत्र ओळखते. एकनाथांच्या हाती ज्ञानेश्वरी आली ती तीनशे वर्षे हातोहात उतरलेली. ज्याने त्याने आपल्या पदरच्या ओव्या घातलेल्या, शब्द बदललेले. अनेक पोथ्या जमवून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये, असे बजावले. प्रत करू नका, असे ते म्हणाले नाहीत. मोडतोड करू नका, एवढेच म्हणाले.

याच्या अगदी उलटा मार्ग महानुभावांनी धरला. दासोपंत ज्या राक्षसभुवनला राहिले, त्याच गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी पांचाळेश्वर आहे. महानुभावांचे ते आत्मतीर्थ. दत्तात्रेय प्रभू रोज तिथे भोजनाला येतात, अशी त्या पंथाची श्रद्धा. म्हणजे एकाच दैवताची ही दोन शेजारची ठाणी. महानुभावांच्या लीळाचरित्राची म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेली मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली आणि शिष्यांना ती आठवणींतून पुन्हा जमवावी लागली. चौदाव्या शतकापासून या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहायला घेतले. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंकलिपी अशा त्यांच्या कितीतरी लिपी होत्या. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह ठेवायचे. किल्ली ज्याला गुरूने दिली, त्यालाच ग्रंथ वाचता यायचा. ग्रंथांचे पावित्र्य टिकावे, परक्या हातांनी त्यात भर पडू नये, हा हेतू. आजच्या ई-पुस्तकाचे कुलूप नेमके हेच करते. मजकूर सर्वांच्या हातात असतो, पण किल्लीवाचून तो निरर्थक चिन्हांचा ढीग असतो.

या कुलपाने काम चोख केले. यादवकालीन मराठी गद्य त्यामुळे पुष्कळसे मूळ रूपात राहिले. पण किंमतही मोठी पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, पुढे वि. ल. भावे आणि इतर अभ्यासकांनी ते ग्रंथ देवनागरीत आणले. तोवर मराठीतले सर्वांत जुने गद्य चरित्र मराठी माणसाला वाचता येत नव्हते. सुमारे साडेपाचशे वर्षे एक भाषा आपल्याच तिजोरीबाहेर उभी होती.

बीड शहरातलीच तिसरी हकिगत. राजवाड्यांना पाटांगण या ठिकाणी ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी मिळाली. एकनाथांच्या शुद्धीकरणापूर्वीची ती असल्याचे त्यांचे मत होते. १९०९ साली त्यांनी तिची संहिता छापून प्रसिद्ध केली. मूळ पोथी मात्र पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. आज जी आहे ती छापील प्रत. नक्कल झाली नसती, तर पाटांगणची ज्ञानेश्वरी होती, हेही आपल्याला कळले नसते.

दोन देवघरे

दासोपंतांनी शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीला देह ठेवला. अंबाजोगाईला नृसिंहतीर्थाजवळ त्यांची समाधी आहे. त्यांच्या वंशात पुढे थोरले देवघर आणि धाकटे देवघर अशा दोन शाखा झाल्या. षष्ठीचा उत्सव, देवाची पूजा आणि पोथ्यांची राखण ही कामे या घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या केली.

दासोपंतांनी आपल्या ग्रंथांना कोणतीही सांकेतिक लिपी लावली नव्हती. तरी त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ घराबाहेर फारसा गेला नाही. कारण साधा हिशोब आहे. एखादा नक्कलकार रोज शंभर ओव्या उतरीत असेल, तर ज्ञानेश्वरी तीन महिन्यांत हातावेगळी होते. सव्वा लाख ओव्यांना एक हजार दोनशे पन्नास दिवस लागतात. एकही दिवस खाडा न करता जवळजवळ साडेतीन वर्षे. तेवढा कागद, तेवढी शाई, तेवढा शिधा कोण पुरवणार? ज्ञानेश्वरी गावोगावच्या पारायणात गेली, गीतार्णव देवघरात राहिला. पुढे निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद झाले. मराठी छापखाने पुण्या-मुंबईत, आणि हे गाव हैदराबाद संस्थानात. भावे यांनी १९०३ मध्ये ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढून जुन्या कवींच्या पोथ्या छापायला घेतल्या, तेव्हा कुठे दासोपंत छापखान्यापर्यंत पोचले. तरीही सामान्य वाचकाच्या घरात ते ज्ञानेश्वर-तुकारामांसारखे कधी आले नाहीत.

म्हणून एकाच जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारी आपल्याला चारही प्रकार दिसतात. मोकळेपणाने वाटलेली आणि त्यामुळे जगलेली, पण भेसळ सोसलेली ज्ञानेश्वरी. कुलपात शुद्ध राहिलेला, पण वाचकांना मुकलेला महानुभावांचा ग्रंथसंग्रह. मूळ पोथी नाहीशी झाल्यावर नुसत्या प्रतीवर तगलेली पाटांगणची संहिता. आणि राखणदारांच्या निष्ठेने टिकलेली, पण थोड्यांनीच पाहिलेली पासोडी. राखण आणि नक्कल या दोन्ही गोष्टी पुस्तकाला लागतात. एकीवाचून दुसरी पुरी पडत नाही.

दान कशाचे करायचे?

आता आजच्या पीडीएफकडे वळू. ती पुढे पाठवणारा माणूस वाईट नसतो. ज्ञान मोफत असावे, संतांनी कुठे पैसे घेतले, असे तो म्हणतो. दासोपंतांनी खरेच घेतले नाहीत. पण त्यांनी जे दिले ते त्यांचे स्वतःचे होते. दान स्वतःच्या वस्तूचे होते. आपल्या कोठारातले धान्य वाटणारा दाता ठरतो. शेजाऱ्याच्या कोठारातले वाटणाऱ्याला आपण वेगळे नाव देतो. शिवाय आजच्या लेखकाला ना देशपांड्याचा आश्रय, ना वतनाचा सारा. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची. त्यातल्या शंभर-दोनशे वाचकांनी फुकटची फाइल घेतली, की दुसरी आवृत्ती निघत नाही, प्रकाशक त्या लेखकाचे पुढचे हस्तलिखित परत करतो. नुकसान एका पुस्तकाचे दिसते, प्रत्यक्षात ते न लिहिल्या गेलेल्या पुढच्या पुस्तकाचे असते.

कायद्याने यात मध्यम मार्ग काढला आहे. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे साहित्य २०११ पासून सर्वांचे झाले. ‘श्यामची आई’ आज कोणीही छापावी, कोणीही वाटावी. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. दासोपंत तर केव्हाच सर्वांचे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने ई-पुस्तकाचे कुलूप हक्कभंगाच्या हेतूने फोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला. पण कायद्याने मना न केलेल्या हेतूसाठी केलेली कृती त्यातून वगळली. त्याच दुरुस्तीने अंध आणि अपंग वाचकांसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा रूपात आणण्याची मुभा दिली. त्यासाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता.

म्हणजे कायद्यातल्या हक्काला मुदत आहे. कुलपाला मात्र ती नसते. लेखकाचा हक्क संपला, तरी फाइलवरचे कुलूप आपोआप उघडत नाही. किल्ली कंपनीकडे असते, आणि कंपनी म्हणजे काही थोरले देवघर नव्हे. धंदा बसला की ती दुकान बंद करते. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. ती विक्रीला ठेवणाऱ्याकडे हक्कच नव्हते, म्हणजे माल चोरीचा होता, हे खरे. पैसेही परत मिळाले आणि कंपनीने माफी मागितली. तरीही आपण विकत घेतलेले पुस्तक रात्रीतून आपल्या घरातून जाऊ शकते, हे त्या दिवशी जगाला कळले. छापील पुस्तक आपण मुलीला देतो, वाचनालयाला देतो, रद्दीतही घालतो. कुलपातल्या पुस्तकाचे आपण बहुधा नुसते भाडेकरू असतो. प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्यालाच कुलपाचा जाच होतो, कारण चोरट्या प्रतीला कुलूप नसते. ही तक्रार खोटी नाही.

या तक्रारीवरचा उपाय मात्र चोरी नव्हे. प्रकाशकांकडून मागायचे ते वेगळे आहे. एका घरातल्या माणसांना एक पुस्तक वाचता यावे, ते उसने देता यावे, आणि कुलपाविना असलेली एक प्रत एखाद्या विश्वासू ग्रंथालयात जमा असावी. हक्काची मुदत संपली किंवा दुकान बंद पडले, की ती खुली व्हावी. घराघरांतून पाळायचे तेही फार अवघड नाही. हयात लेखकाचे पुस्तक विकत घ्यावे किंवा वाचनालयातून आणावे, आणि कोणी फाइल पाठवली तर ती आपल्यापाशी थांबवावी. ज्यांचा हक्क संपला आहे, त्यांची पुस्तके मात्र लेखकाच्या नावासह, शुद्ध स्वरूपात, भरभरून वाटावीत. मुलांना हा फरक शाळेत कोणी शिकवणार नाही, तो घरीच सांगावा लागेल.

ओलीस मुलाच्या कथेत बादशहाची अट अन्यायाची होती, तरी देणे देऊनच सुटका झाली. आपल्यापुढचा लेखक तर बादशहा नाही. बहुतेक वेळा तो एखादा शाळामास्तर, कारकून किंवा घरचे सगळे आवरून रात्री लिहायला बसणारी बाई असते. त्यांची बाकी एखाद्या पुस्तकाच्या किमतीएवढीच आहे.

पुढच्या वेळी योगेश्वरीच्या दर्शनाला जाल, तेव्हा परतीची गाडी थोडी उशिराची धरा. दासोपंतांची समाधी पाहा, देवघराची वाट विचारा आणि जमल्यास पासोडीबद्दल दोन शब्द ऐकून या.